मुलांसोबत घरी फळांचा खाऊ: साखर कमी केली की नेमके काय बिघडते?

पाऊलवाट (पुणे)

नमस्कार. मुलांच्या शाळांना सुट्टी लागली आहे आणि रोज दुपारी चारच्या सुमारास घरात एकच मागणी होते, ती म्हणजे काहीतरी गार आणि गोड. मुलगा ९ वर्षांचा आहे आणि मुलगी ६ वर्षांची. सोसायटीच्या फाटकाशी गोळ्याची गाडी उभी राहते. तिच्यावर मला कायमची बंदी घालायची नाही, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळा खाल्लाच नाही असे बालपण मला माझ्या मुलांना द्यायचे नाही. परंतु रोजचा खाऊ मात्र घरचा, फळांचा आणि शक्यतो त्यांच्या स्वतःच्या हातचा असावा, अशी मनापासून इच्छा आहे. त्या दृष्टीने काही शंका आहेत.

पहिली शंका बर्फाच्या कांडीबद्दल आहे. कलिंगडाचा किंवा मोसंबीचा नुसता रस साच्यात गोठवला, तर कांडी दगडासारखी घट्ट होते आणि दोनचार वेळा चोखल्यावर चव निघून जाऊन फिक्कट बर्फ तेवढा हातात राहतो. त्याच रसात पुरेशी साखर घातली की कांडी मऊ होते. हे कशामुळे होते, आणि साखर न घालता तो मऊपणा आणता येतो का?

दुसरी शंका अशी की साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर घातल्याने खरोखर काही फरक पडतो का, की ते केवळ आपले समाधान असते?

तिसरी शंका आंबापोळीची आहे. आमच्या सदनिकेला गच्ची वापरता येत नाही आणि बाल्कनीत सकाळचे तीनएक तासच ऊन येते. एवढ्या उन्हात आंबापोळी करण्याचे धाडस करावे का?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरात मुलांच्या वाट्याला नेहमी ढवळण्याचे काम येते आणि दहा मिनिटांत त्यांचा उत्साह मावळतो. त्यांना आपण हा पदार्थ केला असे खरोखर वाटावे, अशी कोणती कामे त्यांच्याकडे सोपवता येतील?

सोनचाफा (ठाणे)

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर साखरेच्या कामात आहे. आपण साखरेकडे केवळ गोडीसाठी पाहतो, पण गोठवलेल्या पदार्थात ती आणखी एक काम करत असते. पाण्यात साखर विरघळली की ते मिश्रण शून्य अंशाच्या खाली गेल्यावरच गोठू लागते, आणि फ्रीजरमध्येही त्याचा काही भाग दाट पाकाच्या रूपात न गोठता राहतो. तो पाक बर्फाच्या कणांच्या मधे राहत असल्यामुळे कांडी दाताला मऊ लागते. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्याची स्वतःची साखर थोडी असते, त्यामुळे नुसता रस गोठवला की मोठे, कठीण स्फटिक तयार होतात आणि चोखताना त्यांच्यामधला गोड रस आधी निघून जातो. म्हणून साखर काढून टाकायची असेल, तर तिचे हे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते. गर असलेली फळे ते काम उत्तम करतात.

केळ्यापासून सुरुवात करावी. सालीवर काळे ठिपके आलेली, पूर्ण पिकलेली केळी घ्यावीत, कारण पिकताना केळ्यातील पिष्टाची साखर होते आणि कमी पिकलेल्या केळ्याचे आइस्क्रीम तुरट लागते. चकत्या करून त्या ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात, रात्रभर गोठवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवाव्यात. आधी भुगा होतो, मग गोळा होतो आणि नंतर अचानक मऊ, साईसारखे मिश्रण तयार होते. मुलांना तो क्षण फार आवडतो. दूध, साय, साखर यांतले काहीही लागत नाही. ६ वर्षांच्या मुलीला धार नसलेल्या लहान सुरीने केळी कापू द्यावीत. ते काम ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने करू शकते.

आंब्यासाठी मी चक्का वापरते. दोन वाट्या रसाला एक वाटी चक्का, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची. आदल्या रात्री मुलांनीच दही फडक्यात बांधून टांगावे, म्हणजे सकाळी खाली साठलेले पाणी पाहून दह्याचा चक्का कसा होतो हे त्यांना आपोआप कळते. ते पाणी टाकून न देता कणीक भिजवायला वापरावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून मिश्रण गोठवण्यापूर्वी चाखताना ते आपल्याला हवे त्यापेक्षा किंचित अधिक गोड लागले पाहिजे. ही वाढीव गोडी साखरेच्या डब्यातून आणण्यापेक्षा अधिक पिकलेल्या फळातून आणावी. बाजारात मुलांना बरोबर नेऊन कोणता आंबा आज खायचा आणि कोणता चार दिवसांनी, हे वासावरून आणि देठाजवळच्या मऊपणावरून ठरवायला शिकवले, तर माझ्या मते निम्मी पाककृती तिथेच पूर्ण होते.

कलिंगडाची कांडी मी करतच नाही. त्याचा गोळा करते. बिया काढून फोडी मुलांना हाताने कुस्करू द्याव्यात, त्यात लिंबू पिळावे आणि हे सगळे स्टीलच्या पसरट ताटात अर्ध्या बोटाच्या उंचीपर्यंत ओतून फ्रीजरमध्ये ठेवावे. पाऊण तासाने कडेचा भाग गोठू लागतो. तो काट्याने खरवडून मध्यभागी आणावा आणि पुढे दर अर्ध्या तासाने हेच करावे. तीनचार वेळा खरवडल्यावर ताटात लाल, भुसभुशीत बर्फ तयार होतो. सतत खरवडल्यामुळे मोठे स्फटिक जमायला वावच मिळत नाही, म्हणून साखरेविनाही तो मऊ राहतो. या कामात मुलांना पुन्हा पुन्हा फ्रीजरकडे यावे लागते, त्यामुळे कंटाळा येत नाही. वाडग्यात हा बर्फ घेऊन वर भिजवून पिळलेल्या आमसुलांचा दाट रस घातला, तर रंगासाठी गाडीवरच्या बाटलीची आठवणही होणार नाही.

समुद्रगाज (देवगड तालुका)

पाऊलवाट ताई, तुमचा आंबापोळीचा प्रश्न वाचून लिहायला बसले. आमच्या घरी पोळी हापूसपेक्षा रायवळ आणि पायरीचीच अधिक होते. हापूस विक्रीला जातो हे एक कारण आहे, पण रायवळाच्या आंबटगोड रसाची पोळी नुसत्या गोड पोळीपेक्षा मला अधिक रुचकर वाटते. रायवळाला दशी पुष्कळ असतात, म्हणून रस पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून घ्यावा. आंबे धुऊन, देठाजवळचा चीक पिळून टाकून, हाताने दाबून मऊ करणे आणि कोयी पिळणे ही मुलांची पिढ्यान्‌पिढ्यांची कामे आहेत. कपडे खराब होतील म्हणून त्यांना बाजूला ठेवू नये. जुना सदरा घालून अंगणात किंवा मोरीत बसवावे.

ताटाला तुपाचा पुसट हात लावून रस अगदी पातळ पसरावा. जाडी जितकी कमी तितकी पोळी लवकर सुकते आणि बिघडण्याचा धोका कमी होतो. एक थर बोटाला चिकटेनासा झाला की त्यावर दुसरा घालावा, आणि कडा सुटू लागल्या की पोळी उलटावी. वर मलमलीचे फडके ताणून बांधावे, म्हणजे माशा आणि धूळ लागत नाही. तुमच्याकडे तीन तासच ऊन असल्यामुळे एकच थर घालावा आणि रस ताटात ओतण्यापूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून घ्यावा. त्याने पाणी कमी होते आणि रस आंबण्याची शक्यताही घटते. ऊन गेले की ताट बाहेर न ठेवता फ्रीजमध्ये झाकून ठेवावे आणि सकाळी पुन्हा उन्हात न्यावे. पुण्याचा मे महिना कोकणापेक्षा कोरडा असतो, हा तुमचा मोठा लाभ आहे. आमच्याकडे हवेत दमटपणा असतो आणि मेच्या अखेरीस आभाळ भरून येऊ लागले की पोळ्यांची घाई होते.

साखरेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. वर्षभर डब्यात टिकणारी पोळी हवी असेल, तर थोडी साखर घालून रस आटवण्याची रीत आहे, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. बिनसाखरेची पोळी उत्तम होते, परंतु ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि महिन्याभरात संपवावी. आम्ही कधीकधी साखरेऐवजी गूळही घालतो, आणि गुळातून मुलांना लोह मिळते असे माझ्या सासूबाई नेहमी सांगत.

पुढच्या आठवड्यात बाजारात बरका फणस दिसला तर फणसपोळी अवश्य करून पाहा. कापा फणस त्यासाठी चालत नाही, कारण त्याचे गरे कडक असतात. बरक्याचे गरे बिळबिळीत आणि मुळातच इतके गोड असतात की त्यात दुसरे काही घालावे लागत नाही. हाताला आणि सुरीला खोबरेल तेल लावून मोठ्या माणसाने फणस फोडावा आणि गऱ्यांतून आठळ्या काढण्याचे काम मुलांना द्यावे. आठळ्या उकडून मीठ लावून खाल्ल्या की त्याच बैठकीत दुसरा खाऊही तयार होतो.

आहारवही (नाशिक)

मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून दुसऱ्या शंकेपुरते लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी आणि ती ५ टक्क्यांच्या खाली आणता आली तर अधिक चांगले. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची गरज ढोबळमानाने १७०० किलोकॅलरी धरली, तर ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, अर्थात जेमतेम पाच चमचे साखर होते. या मुक्त शर्करेत वरून घातलेली साखर तर येतेच, पण मध, पाक आणि फळांचा रसही येतो. अखंड फळातील साखर मात्र त्यात धरली जात नाही, कारण ती तंतूंच्या जाळ्यात असते, चावून खावी लागते आणि पोटही भरते.

त्यामुळे समुद्रगाज यांच्या सासूबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून असे म्हणेन की गूळ ही मुख्यतः साखरच आहे. त्यात थोडी खनिजे असतात हे खरे, परंतु मुलाच्या वाट्याला येणाऱ्या चमचाभर गुळातून लोहाची गरज भागेल असे समजू नये. गूळ चवीसाठी घालावा आणि तो साखरेइतकाच मोजून घालावा. मधाचेही तसेच आहे, आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. खजूर थोडा उजवा ठरतो, कारण त्याच्यासोबत तंतू येतात, पण वाटून घातलेला खजूरही पुष्कळ गोड असतो हे विसरू नये.

रसाविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत. दोन वर्षांखाली रस देऊ नये, २ ते ५ वर्षांत दिवसाला १२५ मिलिलिटर आणि त्यापुढे २५० मिलिलिटर ही कमाल मर्यादा मानावी, तोही ताजाच असावा, आणि शक्य तेथे रसापेक्षा फळच द्यावे. या दृष्टीने सोनचाफा यांचा कुस्करलेल्या कलिंगडाचा आणि अख्ख्या केळ्याचा मार्ग मला अधिक पटतो.

आंबापोळीसंबंधी एक हिशेब सांगते. पिकलेल्या आंब्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते सुकून गेल्यावर १०० ग्रॅम पोळीत जवळजवळ अर्धा किलो रसाची साखर एकवटते. म्हणून साखर न घातलेली पोळीही गोडच खाऊ आहे, आणि दोन बोटे रुंदीची पट्टी एका वेळी पुरेशी आहे. ती दातांना चिकटते, त्यामुळे येताजाता चघळायला न देता जेवणासोबत द्यावी आणि नंतर चूळ भरायला लावावी. घरी पाच वर्षांखालील पाहुणी मुले येत असतील, तर द्राक्षे उभी चिरून त्यांचे चार तुकडे करावेत, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते. चिकूच्या बियांना टोकाशी आकडा असतो, त्या नीट शोधून काढाव्यात. पुढे सीताफळांचा हंगाम आला की गर चाळणीवर चोळून बिया वेगळ्या कराव्यात. बियांसह गर मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये, कारण फुटलेली बी विषारी असते.

पाऊलवाट (पुणे)

इतक्या सविस्तर उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. साखर टिकवण्याचे आणि मऊ ठेवण्याचेही काम करते हे कळल्यावर पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. आज सकाळी मुलांनी केळी कापून गोठवायला ठेवली आहेत. आणखी दोन गोष्टी विचारते. ढगाळ दिवशी आंबापोळीसाठी ओव्हन चालेल का? आणि मुलीला जेली फार आवडते, तर ती अननसाच्या किंवा पपईच्या रसाची घरी करता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत.

दूरदेशी (इंग्लंड)

ओव्हनविषयी मी सांगू शकतो, कारण येथे उन्हाच्या भरवशावर काहीच सुकवता येत नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये येथील कुंपणांच्या झुडपांवर रानटी ब्लॅकबेरी पिकतात. मुलांसोबत त्या तोडून आणतो, सफरचंदाबरोबर शिजवतो, बिया गाळून काढतो आणि तो गर बेकिंग कागदावर पातळ पसरून सुकवतो. सफरचंदात पेक्टिन (गर घट्ट धरणारा फळातलाच घटक) भरपूर असल्यामुळे पट्टी साखरेशिवाय छान धरते. ओव्हन ६० ते ७० अंशांवर ठेवावा आणि दार किंचित उघडे ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर पडते. थराच्या जाडीनुसार पाच ते सात तास लागतात. तुमच्या ओव्हनचे किमान तापमान १०० अंश असेल, तर तो मधूनमधून बंद करावा, अन्यथा कडा कुरकुरीत होतात आणि मध्य ओलाच राहतो. आंब्याच्या रसालाही हीच पद्धत लागू पडते. दार उघडे असताना लहान मुलांना ओव्हनपासून दूर ठेवावे. त्यांचे काम पसरण्याचे आणि नंतर पट्ट्या कापून गुंडाळण्याचे.

मांडवीकाठ (पणजी)

जेलीसाठी चायना ग्रास वापरावे. ते समुद्री शेवाळापासून बनते, त्यामुळे तुम्हाला चालेल. बाजारातील पुष्कळ जेलीत जिलेटिन असते आणि ते प्राणिजन्य असते, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. ताज्या अननसात आणि पपईत प्रथिने तोडणारी विकरे असतात. जिलेटिन हे प्रथिन असल्याने त्यांच्यासोबत ते घट्ट होत नाही, पण चायना ग्रासवर या विकरांचा परिणाम होत नाही. हीच फळे न शिजवता दुधात किंवा दह्यात घालून ठेवली की कडवटपणा येतो, त्यालाही तीच विकरे कारणीभूत असतात. आइस्क्रीममध्ये अननस घालायचा असेल तर तो आधी पाचसात मिनिटे शिजवून घ्यावा.

एक लिटर मिश्रणाला सुमारे १० ग्रॅम चायना ग्रास पुरते. ते वाटीभर पाण्यात भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे. आंबट रस त्यासोबत उकळू नये, त्याने घट्टपणा कमी होतो. आच बंद केल्यावर साध्या तापमानाचा रस ओतून झटपट ढवळावे. फ्रीजमधला गार रस घातला तर गुठळ्या होतात. हे मिश्रण ३५ ते ४० अंशांना घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळण्यासाठी ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवले तरी ते टिकते. उकळण्याचे काम तुम्ही करावे आणि मुलीला पसरट ताटलीत फळांचे तुकडे मांडू द्यावेत. ही जेली बाजारच्या जेलीपेक्षा ठिसूळ आणि घट्ट असते, तेव्हा लहान मुलांसाठी ती बारीक कापावी.

थंडीत पेरू आले की पेराद, म्हणजे पेरूच्या गराची वडी, करून पाहा. गोव्यात नाताळाच्या फराळात ती असतेच. पारंपरिक कृतीत गराच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते. आम्ही घरच्या मुलांसाठी गराच्या चौथाईइतकीच घालतो. पेरूत पेक्टिन पुष्कळ असल्यामुळे वडी तरीही धरते, मात्र ती मऊ राहते आणि फ्रीजमध्ये आठवडाभरच ठेवता येते. गर अगदी पिकलेल्या पेरूंचाच न घेता त्यात दोनतीन कडक पेरू मिसळावेत, कारण पेक्टिन अर्धकच्च्या फळात अधिक असते. बिया चाळणीने काढायचे काम वेळखाऊ आहे, पण तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला ते सहज जमेल. घोटताना गराचे शिंतोडे उडतात आणि ते फार भाजतात, तेव्हा त्या वेळी कढईजवळ तुम्ही एकट्यानेच उभे राहावे आणि वडी ताटात थापून गार झाली की कापायला मुलांना बोलवावे.